सोमवारचा पास

चौथी पट्टी तुटली तेव्हा मी प्रेसपासून दहा हातांवर होतो. आधी टण्ण आवाज झाला आणि लगेच प्रेसवरचा किसन ओरडला. तो गाल धरून खाली बसला होता आणि त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं. तुटलेली पट्टी पलीकडच्या टिनाला लागून खाली पडली होती. आणखी बोटभर वर लागली असती तर त्याचा डोळा गेला असता.

हंगाम सुरू होऊन तीनच दिवस झाले होते. आधीच्या तीन पट्ट्या तुटल्या तेव्हा कोणाला लागलं नव्हतं, म्हणून आम्ही नुसते चुकचुकलो आणि पुढच्या गठाणीला लागलो. आता किसनला टांग्यात घालून डॉक्टरकडे पाठवलं आणि प्रेस बंद केलं.

ज्यांनी कापसाचं प्रेस पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकी काढलेली रुई प्रेसमध्ये घालून दाबतात, तिची गठाण होते. दाब असतानाच तिला पोलादी पट्ट्या गुंडाळायच्या आणि पट्टीचं टोक वाकवून बकलात अडकवायचं. मग दाब काढला की रुई फुगायला बघते, आणि तिला धरून ठेवायचं काम एकट्या पट्टीचं असतं. पट्टी तुटली तर ती सरळ माणसावर येते.

ह्या पट्ट्या विलायतेहून येत. दुसरी लढाई सुरू झाली आणि त्या यायच्या बंद झाल्या. अकोल्याच्या आमच्या मालकांनी मग प्रेसला लागूनच एक लहान रोलिंगचं शेड उभं केलं. मुंबईच्या गिरण्यांतून गठाणी सोडल्यावर उरलेल्या जुन्या पट्ट्या आणायच्या, ॲसिडात धुवायच्या आणि थंडच दोन रोलमधून दाबून काढून एका जाडीच्या करायच्या. थंड पोलाद रोलमधून काढलं की कडक होतं, वाकवलं की मोडतं. म्हणून त्याच्या कॉइल लोखंडी पेटीत घालायच्या, झाकण मातीने लिंपायचं आणि पेटी भट्टीत तापवून दोन दिवस बंदच निवू द्यायची. ह्याला ॲनीलिंग म्हणतात. आमच्याकडे ‘ताव देणं’ म्हणत.

ताव दिलेली पट्टी मऊ होते, पण ती थेट प्रेसला चालत नाही. वाकवली तर गोल न वळता जागोजागी कोपरे पडतात. म्हणून तिला एक शेवटचा, अगदी हलका पास द्यायचा, म्हणजे रोलमधून पुन्हा एकदा काढायची. पोळी तव्यावर टाकण्याआधी लाटणं एकदा नुसतं फिरवतात, तेवढाच. जाडी जवळजवळ बदलत नाही, पण पट्टी गोल वळायला लागते. मग तेलाचा हात फिरवला की माल तयार.

मी मूळचा अमरावतीचा. वडील भिक्षुकी करत. मी पोथी सोडून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला म्हणून ते माझ्याशी वर्षभर नीट बोलले नव्हते. अकोल्याला सुपरवायझर म्हणून लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येतं असं मला वाटत असे.

प्रेस बंद केल्यावर अर्ध्या तासात मालक आले. त्यांनी तुटलेलं टोक हातात घेऊन पाहिलं.

“ही आपल्या शेडातली पट्टी ना, जोशी?”

“हो.”

“महादूले बोलवा.”

महादू मिस्त्री म्हणजे आमच्या शेडाचा मुख्य माणूस. भट्टी त्याची, रोलही त्याचे. पन्नाशीचा, ठेंगणा, अंजनगाव सुर्जीचा. तिथे त्याच्या भावाचा पानमळा होता. मिस्त्री दर शनिवारी दुपारपासूनच घड्याळाकडे बघायला लागे. संध्याकाळची मोटार धरून आकोटमार्गे गावी जाई, रविवारभर मळ्यात राबे आणि सोमवारी सकाळी कामावर हजर होई. ही त्याची सवय साऱ्या फॅक्टरीला माहीत होती.

मालकांनीही तीच धरली. “शनिवारी तुले घरी पळाची घाई. पेटी निवाच्या आधी उघडली असंन. सांग खरं.”

“नाई मालक. पेटी मी कदीच लवकर नाई उघडली.”

“मंग पट्टी काहून तुटून राहिली?”

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. “साहेब, तुमी तं सोता वाकवून पाह्यली होती ना? एकूण एक कॉइल?”

मी पाहिली होती. प्रत्येक कॉइलचा तुकडा मी पाइपाभोवती वाकवला होता आणि वहीत सही केली होती. पण त्या क्षणी मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मलाही आतून वाटत होतं की मिस्त्रीनेच कुठेतरी हयगय केली असणार. गप्प राहण्यात माझीही सोय होतीच.

मालक म्हणाले, “लढाईचे दिवस हायेत. माणसाले लागलं. परवा फॅक्टरी इन्स्पेक्टर येईन, आन् त्याले मले नाव द्याच लागते. तो हलगर्जी लिहीन का घातपात लिहीन, ते त्याच्यावर. महादू, आजपासून शेडात पाय ठेवायचा नाई.”

घातपात हा शब्द ऐकून मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवसांत तेवढ्या एका शब्दावर माणूस आत जाई. तो फॅक्टरीमागच्या आपल्या खोलीकडे गेला.

मी गोदामात गेलो. तयार कॉइलचा ढीग होता, प्रत्येकीवर खडूने नंबर. एक तुकडा कापला आणि पाइपाभोवती वाकवला. गोल वळायच्या ऐवजी कटकट करत कोपरे पडले. बकलात घालताना वाकवतात तसा दुमडला, तर त्या दुमडीवर चीर गेली.

दुसरा नंबर काढला. तेच झालं. सहा कॉइल तपासल्या, सहाही तशाच निघाल्या. वही उघडून बघितली तर सहाही नंबरांपुढे माझ्याच अक्षरात ‘ठीक’ लिहिलेलं. कुलूप माझं, किल्ली माझ्या कमरेला, आणि आत ठेवलेला चांगला माल खराब होऊन बसलेला.

आता इथे मला थोडं मागे जावं लागेल, कारण एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

आदल्या वर्षी, म्हणजे शेडाच्या पहिल्या हंगामात, एकही पट्टी तुटली नव्हती. तेव्हा मिस्त्री उन्हाळ्यात सगळ्या पट्टीला ताव देऊन ठेवी, पण शेवटचा पास देत नसे. तो पास हंगामात दर सोमवारी, त्या आठवड्याला प्रेसला लागेल तेवढ्याच मालाला. त्यासाठी दर सोमवारी रोल उघडायचे, पुसायचे, पुन्हा बसवायचे. मला तो शुद्ध कामचुकारपणा वाटला. जे काम एकदम उरकतं ते आठवड्याआठवड्याला काय पुरवून पुरवून खायचं?

म्हणून ह्या वर्षी मी हुकूम काढला. सगळा शेवटचा पास वैशाख-ज्येष्ठातच उरकायचा. माल तेल लावून गोदामात रचायचा. दिवाळीनंतर प्रेस सुरू झालं की नुसतं उचलायचं.

मिस्त्री तेव्हा एवढंच म्हणाला होता, “मंग साहेब, सोमवारी मी काय करू?”

“सोमवारी भंगार उतरवून घ्या.”

त्याने मान खाली घातली होती आणि मी मनातल्या मनात हसलो होतो.

गोदामात उभं राहून मला हेच सगळं आठवत होतं. पण त्यात मला दोष दिसेना. पास तोच, रोल तेच, माणूस तोच. सोमवारी दिला काय आणि ज्येष्ठात दिला काय, पोलादाला काय कळतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडाचा कोपरान् कोपरा पालथा घातला. ॲसिड बघितलं, तेल बघितलं, भट्टीच्या विटा बघितल्या. शेवटी बारदानाखाली एक अर्धी कॉइल सापडली. नंबर वाचला आणि वही काढली. उन्हाळ्यात पासच्या अगदी शेवटच्या दिवशी रोल फिरवणाऱ्या ऑइल इंजिनचा पट्टा तुटला होता. ती कॉइल अर्धी पास झाली आणि अर्धी राहून गेली. पास झालेली अर्धी गोदामात होती आणि राहिलेली ही. एकाच पेटीतली, एकाच तावातली, एकाच लांब पट्टीचे दोन भाग. मिस्त्रीने ताव कमी दिला असेल तर दोन्ही अर्ध्या सारख्याच वाईट निघायला हव्यात.

ही अर्धी आता रोलमधून काढून बघायची होती. पण तेवढे हलके रोल बसवणं मला येत नव्हतं. डिप्लोमा होता, हात नव्हता. मी मिस्त्रीच्या खोलीवर गेलो. तो पत्र्याची पेटी भरत होता.

“कुठं निघालात, मिस्त्री?”

“कुठी नाई. न्यायले आले तं कपडे लागतीन ना.”

मी म्हणालो, “मालक बारा वाजता जेवायला जातात. तेवढ्या वेळात एक पास द्यायचाय.”

“मले शेडात पाय ठेवाची मनाई हाय, साहेब.”

“मी सांगतोय ना. काही झालं तर माझ्यावर.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला आदल्या दिवशीचं माझं गप्प बसणं आठवलं. पण तो उठला.

बारा वाजता आम्ही इंजिन सुरू केलं. मिस्त्रीने रोल पुसले, चाव्या फिरवल्या, वरच्या रोलवर तळवा ठेवून थोडा वेळ थांबला आणि आणखी अगदी किंचित आवळलं. अर्धी कॉइल निघायला दहा मिनिटं लागली. मी टोक कापलं आणि पाइपाभोवती वळवलं. ते सुरेख गोल वळलं. दुमडून पाहिलं, हातोडीने चेपून पाहिलं. चीर नाही.

मग गोदामातली अर्धी आणली. कटकट कोपरे, दुमडीवर चीर.

मिस्त्रीने दोन्ही तुकडे माझ्या हातातून घेतले आणि स्वतः पुन्हा वाकवून पाहिले. “काय बाप्पा हे,” तो पुटपुटला. “एकाच मायची दोन लेकरं ना हे. मंग असं कसं?”

“हिला पास मिळून पाच महिने झाले,” मी म्हणालो. “हिला आत्ता मिळाला.”

“पन पाच महिने तं ते नुसती पडून होती.”

“हो. पडूनच होती.”

पडल्या पडल्या पोलाद बदलतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. लाकूड फुगतं, चामडं आकसतं, लोणी विरघळतं हे ठीक. पण पोलाद? मी तेलाचा वास घेतला, गंज शोधला, कानशीने घासलं. काही नाही. बाहेरून दोन्ही तुकडे हुबेहूब सारखे होते. तेवढ्यात मान पुसताना माझं लक्ष समोरच्या गोदामाच्या टिनाच्या छपराकडे गेलं. उन्हाळ्यात त्या गोदामात पाच मिनिटं उभं राहणं कठीण. अकोल्याचा मे महिना ज्याने काढलाय त्याला जास्त सांगायला नको. पट्ट्या त्या टिनाखाली महिनोन्महिने होत्या.

मी नुकत्याच पास झालेल्या पट्टीचे हातभर लांबीचे दोन तुकडे कापले. एक टेबलाच्या खणात ठेवला. प्रेस बंद असलं तरी सरकी काढायचं जिन चालू होतं, दुसरा त्याच्या बॉयलरच्या डोक्यावर, गरम पाइपाला लागून ठेवला आणि बॉयलरवाल्याला बजावून सांगितलं की ह्याला उद्यापर्यंत कोणीही हात लावायचा नाही. मिस्त्री म्हणाला, “आन् उद्या इन्स्पेक्टर येऊन राहिला.” मी म्हणालो, “म्हणूनच.”

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. तुकडा चांगला निघाला तर मिस्त्री गेला. वाईट निघाला तर मी.

दुसऱ्या दिवशी अकराला मालक आणि इन्स्पेक्टर शेडात आले. किसनही गालाला बँडेज बांधून आला होता. मिस्त्री दाराबाहेर उभा. मी बॉयलरवरचा तुकडा आणला, गार होऊ दिला आणि सगळ्यांसमोर वाकवला. त्यावर कोपरे पडले. खणातला वाकवला, तो गोल वळला.

मला जे व्हायला हवं होतं तेच झालं होतं. कालच्या दुपारी हे दोन्ही एकच पट्टी होते. कोणी ठोकलं नाही, कोणी ओढलं नाही. नुसत्या उष्णतेजवळ निपचित पडून त्यातला एक बिघडला होता. मालकांनी दोन्ही तुकडे मागून घेतले आणि उलटेपालटे करून पाहिले.

“कोनी बदलला तं नाई?”

बॉयलरवाला म्हणाला, “मी तिथंच होतो मालक. माशी बी बसली नाई.”

“मंग चूक कोनाची, जोशी? सरळ सांगा.”

मी सांगितलं. ताव बरोबर होता. पासही बरोबर होता. पण पास दिल्यावर पट्टी लवकर वापरायला हवी. मिस्त्री दर आठवड्याला ताजा पास देत होता, म्हणून गेल्या वर्षी एकही पट्टी तुटली नाही. ते मी बंद केलं. पाच महिने आधी पास देऊन माल टिनाखाली भाजायला ठेवला तो माझ्या हुकमाने. आणि परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प बसलो, हेही माझंच.

इन्स्पेक्टर वहीत लिहीत होता. त्याने मान वर न करता विचारलं, “नाव?”

मी माझं नाव सांगितलं. लिहून झाल्यावर त्याने शाईवर टीपकागद दाबला आणि घातपात हा शब्द कोणाच्याच तोंडून पुन्हा निघाला नाही. मला लेखी ताकीद मिळाली. मालकांनी दोन वर्षं माझ्याकडून सुपरवायझरी काढून घेतली आणि मला जाडी मोजायच्या टेबलावर बसवलं. मला त्याचं वाईट वाटलं, पण रागवायला जागा नव्हती. गोदामातला सगळा माल पुन्हा भट्टीत गेला, पुन्हा ताव दिला. किसनचा गाल पंधरा दिवसांत भरून आला. वण मात्र राहिला, आणि तो माझ्याशी बोलताना नेहमी तीच बाजू माझ्याकडे करी. मुद्दाम करत होता की काय, कोण जाणे.

पुढे बऱ्याच वर्षांनी मला ह्याचं कारण वाचायला मिळालं. त्या काळच्या जुन्या विलायती पोलादात नायट्रोजन अडकून राहिलेला असे. शेवटच्या पासने पोलाद आतून जरा सैल होतं, आणि मग हा नायट्रोजन हळूहळू त्या सैल जागा धरून बसतो. उन्हात भराभर, थंडीत सावकाश. इंग्रजीत त्याला एजिंग म्हणतात, म्हणजे म्हातारं होणं. तेव्हा मला ह्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

पण मला खरा धक्का बसायचा अजून राहिला होता. इन्स्पेक्टर गेल्यावर मी मिस्त्रीच्या खोलीवर गेलो. त्याने पेटीतले कपडे परत खुंटीवर टांगले होते. मी त्याची माफी मागितली. मग जे मला दोन दिवस विचारायचं होतं ते विचारलं. मला वाटत होतं, कुठल्या जुन्या उस्तादाने त्याला हे गुपित दिलं असणार, आणि मी दीडशहाण्याने त्यावर पाणी ओतलं.

“मिस्त्री, पास फक्त त्या आठवड्यापुरता द्यायचा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

तो थोडा ओशाळला. “शिकवलं कोनी नाई, साहेब.”

“मग तुम्हाला कळलं कसं, की पट्टी म्हातारी होते?”

“मले कुठी कळलं होतं?” तो म्हणाला. “रविवारी मळ्यात वेल बांधू-बांधू कंबर मोडते. सोमवारी जड काम होत नाई. आन् शेवटचा पास म्हंजे सगळ्यात हलकं काम. मंग तेच मी सोमवारसाठी राखून ठेवत होतो. दर सोमवारी थोडं थोडं पुरवून.”

मी तिथेच त्याच्या पेटीवर बसलो. एक अख्खा हंगाम, इतक्या गठाणी, प्रेसवरच्या साऱ्या माणसांचे डोळे, हे सगळं एका दुखऱ्या कंबरेने सांभाळलं होतं. ते ना त्याला माहीत होतं ना मला. आणि मी म्हणत होतो तो कामचुकारपणा खरंच कामचुकारपणा होता. त्यात माझं चुकलं नव्हतं. एवढं बरोबर ओळखूनही मी एका माणसाचा डोळा घालवायला निघालो होतो.

त्यानंतर शेडात नियम झाला. शेवटचा पास फक्त सोमवारी, त्या आठवड्यापुरता, आणि प्रत्येक कॉइलवर पासाची तारीख चुन्याने लिहायची. दोन वर्षांनी सुपरवायझरी परत मिळाली तेव्हा मी तो नियम बदलला नाही. पुढे ज्या ज्या कारखान्यात काम केलं, तिथे कोणाचा आळस दिसला की तो मोडायच्या आधी मी महिनाभर नुसता बघत बसे, त्याच्यावर काय काय टेकलेलं आहे ते.

मिस्त्रीने मात्र नियम झाला त्याच आठवड्यात मला शेडाच्या दारात गाठलं.

“साहेब, एक सांगू का? शनिवारी बी मले दुपारीच सोडत जा. काय माईत, त्याच्यानं बी काई वाचत असंन.”

तेव्हा ते माझ्या हातात नव्हतं. दोन वर्षांनी आलं, आणि पहिल्याच शनिवारी मी त्याला दुपारी सोडलं. कारण विचारलं नाही.